सालईचा डिंक आणि आईचे गुडघे

रानभूल (रविवार, रात्री १०.१२)

आज सकाळी पालला जाऊन आलो. जळगाव जिल्ह्यातलं, यावल अभयारण्यातलं पाल. फेब्रुवारीत सातपुड्याच्या उतारावरची सालई पार निष्पर्ण असते आणि त्या उघड्या फांद्यांच्या टोकाला बारीक पांढरी फुलं येतात. खोडाची साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते, खालून हिरवट दिसतं. एका खोडावर जुन्या जखमेतून ओघळलेला डिंक होता. सोबतच्या पावरा दादांनी तो नखानं खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. बाहेरून तपकिरी, आत मधाच्या रंगाचा. वास कैरीच्या चिकाचा, थोडा कापराचा.

घरी येऊन आईला दाखवला. आई ७१ वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेले. मागच्याच महिन्यात हाडांच्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉलबरोबर शल्लकीच्या (म्हणजे सालईच्याच) अर्काची कॅप्सूल लिहून दिली आहे. मी म्हटलं, "आई, तुझी कॅप्सूल ती हीच." तिनं वास घेतला आणि म्हणाली, "हा तर देवापुढचा धूप. हा जाळायचा की गिळायचा?"

प्रश्न बरोबर होता. मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून लगेच स्वयंपाकघरात प्रयोग मांडला. डिंकाचा एक तुकडा वाटीत पाण्याबरोबर घोटला, तर दुधासारखं पांढरं झालं. दुसरा तुकडा स्पिरिटमध्ये टाकला. त्यातला राळेचा भाग विरघळला आणि तळाशी गोंद उरला. म्हणजे हा नुसता डिंक नाही. यात तीन गोष्टी एकत्र आहेत: पाण्यात जाणारा गोंद, पाण्यात न जाणारी राळ आणि वासाचं उडून जाणारं तेल. सुजेवर काम करणारी बॉस्वेलिक आम्लं या राळेच्या भागात असतात. त्यांपैकी ज्याचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय ते एकेबीए. लांबलचक नाव लिहीत नाही, लिहून कुणाचे गुडघे बरे होणार नाहीत.

आता सूज. पेशीच्या आवरणातून अ‍ॅराकिडोनिक आम्ल सुटतं आणि त्याला पुढे दोन वाटा फुटतात. एक वाट कॉक्स एन्झाइमांची, तिथे प्रोस्टाग्लँडिनं तयार होतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक मंडळी या वाटेवर नाकाबंदी करतात. दुसरी वाट ५-लिपॉक्सिजनेजची, तिथे ल्युकोट्राइनं तयार होतात. ती पांढऱ्या पेशींना सुजेच्या जागी बोलावून आणतात, दम्यात श्वासनलिका आवळतात. सालईतली बॉस्वेलिक आम्लं या दुसऱ्या वाटेवर काम करतात, हे १९९०च्या दशकापासून प्रयोगशाळांत दिसत होतं. नेमकं कुठे बसतात, ते २०२०मध्ये स्फटिकरचनेतून दिसलं. मला तो भाग फार आवडला. एकेबीए एन्झाइमच्या कामाच्या जागेत शिरतच नाही. त्या रेणूचे दोन भाग जिथे जोडलेले आहेत, त्या सांध्यात जाऊन बसतं. कुलपाच्या भोकात काडी मोडून ठेवण्याऐवजी बिजागरीत पाचर ठोकावी तसं. गंमत म्हणजे पाचर बसल्यावर एन्झाइम नुसतं मंदावत नाही. आम्लावर ऑक्सिजन जोडायची त्याची जागाच बदलते आणि सूज ओसरायला मदत करणाऱ्या रेणूंच्या दिशेनं काम सरकतं.

धाग्याचा हेतू: घरात कुणी हे घेतलंय का? किती दिवसांत फरक पडला? आणि जाणकारांनी माझ्या चुका काढाव्यात.

कोथरूडची_आजी (रविवार, रात्री १०.४०)

छान लिहिलंय. एक भाबडा प्रश्न. डिंकाच्या लाडवात हा घातला तर चालेल का? खारकांबरोबर आपोआप पोटात जाईल.

रानभूल (रविवार, रात्री १०.४६)

आजी, नको! लाडवातला डिंक बाभळीचा किंवा धावड्याचा. तो निव्वळ गोंद, तुपात टाकला की फुलतो. हा तळायला गेलात तर घरभर धूप होईल आणि लाडू कडू लागतील.

मस्कतवासी (सोमवार, पहाटे १२.५५)

इथे ओमानमध्ये याचा भाऊ आहे. लुबान. सलालाच्या बाजूचा, झाड वेगळं पण कूळ तेच. मत्रहच्या बाजारात पोत्यांनी असतो. हिरवट-पांढरा, पारदर्शक खडा सगळ्यात महाग, त्याला होजारी म्हणतात. आमच्या ऑफिसातले ओमानी सहकारी रात्री दोन-चार खडे पाण्यात टाकतात आणि सकाळी ते गढूळ पाणी पितात. पोटाला, खोकल्याला, सगळ्याला चांगलं म्हणे. मी वर्षभर प्यायलो. तुमचा वाटीतला प्रयोग वाचून आता वाटतंय की मी नुसता गोंद पीत होतो.

रानभूल (सोमवार, सकाळी ७.२०)

बरंचसं तसंच. पाणी पांढरं होतं ते राळेचे बारीक कण तरंगल्यामुळे, म्हणजे थोडीफार राळ पोटात गेली असेल. पण मोठा वाटा वाटीच्या तळाशी राहिला. मात्र तुम्ही वर्षभर बिनतक्रार प्यायलात म्हणजे चव बरी असावी.

मस्कतवासी (सोमवार, सकाळी ९.०५)

चव देवळात गेल्यासारखी.

शंकासूर (सोमवार, सकाळी ११.३०)

धागा आवडला, पण खडा टाकतोच. "प्रयोगशाळेत दिसलं" आणि "माणसात दिसलं" यांच्यात मोठा खड्डा आहे. परीक्षानळीत सूज उतरवणाऱ्या वनस्पती मोजायला बसलो तर भाजीमंडईच रिकामी होईल. बॉस्वेलिक आम्लं पोटातून रक्तात नीट जात नाहीत. जी जातात ती रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतात. मग ५-लिपॉक्सिजनेजच्या बिजागरीपर्यंत पोचतात किती? म्हणून काही संशोधक म्हणतात की खरं लक्ष्य वेगळंच असावं. प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनवणारं एक एन्झाइम आणि कॅथेप्सिन जी ही दोन नावं त्यात येतात. तुमची पाचर सुंदर आहे, पण ती आईच्या गुडघ्यात बसतेच असं धरून चालू नका.

रानभूल (सोमवार, दुपारी १.१५)

मान्य. धरून चाललो होतोच, कबूल करतो. पोटातून जाण्याबद्दल एक कामाची गोष्ट: स्निग्ध जेवणाबरोबर घेतल्यावर रक्तातलं प्रमाण उपाशीपोटी घेतल्याच्या मानानं कितीतरी वाढतं, हे माणसांवर मोजलं गेलंय. आई कॅप्सूल सकाळी चहाबरोबर घ्यायची. आता वरणभात-तुपाबरोबर घेते.

वैद्य_विदर्भ (सोमवार, दुपारी ३.५०)

मी नागपूरकडचा, बी.ए.एम.एस., २२ वर्षं दवाखाना. दोन-तीन गोष्टी लिहितो, कारण या विषयावर आमच्याच लोकांनी गोंधळ घातलाय.

आधी नावं. सालई म्हणजे शल्लकी. तिच्या निर्यासाला, म्हणजे पाझरणाऱ्या डिंकाला, कुंदुरू म्हणतात. निघंटूंत, म्हणजे जुन्या औषधी कोशांत, तिला गजभक्ष्या असंही नाव आहे, हत्ती आवडीनं खातात म्हणून. गुग्गुळ वेगळा, ते राजस्थान-कच्छकडचं काटेरी झुडूप. तुम्ही योगराज गुग्गुळ घेता त्यात शल्लकी नसते. दुकानात राळ म्हणून मिळते ती शाल वृक्षाचा निर्यास, तोही वेगळा. ऊद आणखी वेगळा. दुकानात "धूप द्या" म्हटलं तर या चारांपैकी काहीही पुडीत येईल. म्हणून पूजेच्या सामानातलं काही पोटात घेऊ नका.

दुसरं. "हजारो वर्षांपासून सांधेदुखीवर" असं कॅप्सूलच्या डब्यांवर छापतात. चरकसंहितेत शल्लकीची साल पुरीषविरजनीय गणात आहे, म्हणजे मलाचा वर्ण सुधारणाऱ्या द्रव्यांत. गुडघ्याच्या कॅप्सूलची आजची वाट मुख्यतः जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतून निघाली. तिथे १९८०च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग करून हा अर्क सूज उतरवणारा आहे असं मांडलं गेलं. ग्रंथांचा मला अभिमान आहे, पण जे तिथे ज्या रूपात नाही ते त्यांच्या तोंडी घालायचं कशाला?

आणि तिसरं, शंकासूरांसाठी. माणसांवरचं काम आमच्याच गावात झालंय. इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला आम्ही मेयो म्हणतो. २००३मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी. गुडघेदुखीचे ३० रुग्ण, अर्ध्यांना आठ आठवडे अर्क, अर्ध्यांना बिनऔषधाची तशीच कॅप्सूल. मध्ये खंड देऊन मग अदलाबदल. काय कुणाला, ते ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालायचं अंतर वाढलं. एक्स-रेमध्ये मात्र काहीही बदल नाही. झीज भरून येते असं सांगणाऱ्याला हे वाक्य दाखवा.

शंकासूर (सोमवार, संध्याकाळी ५.१०)

३० रुग्ण म्हणजे एका एसटीत मावतील. पण अदलाबदलीची रचना चांगली, आणि एक्स-रेबद्दल प्रामाणिकपणे लिहिलंय हे विशेष. २०१४च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा अहवाल) एकेबीए वाढवलेल्या अर्काच्या दोन चाचण्या एकत्र केल्यात, मिळून ८५ माणसं. शंभराच्या मोजपट्टीवर खोट्या गोळीवाल्यांचं दुखणं ४०, अर्कवाल्यांचं ९० दिवसांनी २३. सतरा अंकांचा फरक. थोडा नाही, पण माणसं तेवढीच. शिवाय अशा बऱ्याच चाचण्यांमागे अर्क बनवणाऱ्या कंपन्यांचा पैसा असतो.

वैद्य_विदर्भ (सोमवार, संध्याकाळी ६.००)

पैशाचं खरं आहे. पण नागपूरचीच आणखी एक चाचणी सांगतो, मला ती पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. २००७ची, ६६ रुग्ण. एका गटाला सालईचा अर्क, दुसऱ्याला व्हाल्डेकॉक्सिब ही वेदनाशामक गोळी, सहा महिने. व्हाल्डेकॉक्सिबनं महिन्यात आराम दिला, सालईला दोन महिने लागले. पण गोळ्या बंद केल्यावर व्हाल्डेकॉक्सिबचा आराम गेला आणि सालईचा महिनाभर टिकला. तिथे खोट्या गोळीचा गट नव्हता, कोण काय घेतंय हे सगळ्यांना माहीत होतं, तेव्हा तुमची टाचणी तयार ठेवा. आणि व्हाल्डेकॉक्सिब तर २००५मध्येच हृदयावरच्या आणि त्वचेवरच्या दुष्परिणामांमुळे बाजारातून गेलं.

माझ्या दवाखान्यात मी पेशंटला एकच सांगतो, पंधरा दिवसांत तक्रार घेऊन येऊ नका.

सह्याद्री_पावसाळी (सोमवार, रात्री ८.३३)

वाचतेय. वाचनखूण साठवली.

ब्युरेटवाला (सोमवार, रात्री ९.२०)

मी अंबरनाथला अर्क तपासायचं काम करतो, गुणवत्ता नियंत्रणात. डब्यावर "६५ टक्के बॉस्वेलिक आम्लं" असं लिहिलेलं असतं ना? ते बहुतेक वेळा टायट्रेशननं मोजलेलं असतं. म्हणजे नमुन्यातलं एकूण आम्ल अल्कलीनं मोजायचं. ते आम्ल सालईचंच आहे की आणखी कशाचं, हे टायट्रेशन विचारत नाही. एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) प्रत्येक आम्लाचं शिखर वेगळं दिसतं आणि तिथे आकडा बराच खाली येतो. एकेबीए तर कच्च्या मालात दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच असतं. म्हणून घेताना दोन गोष्टी बघा: एकेबीएचं प्रमाण वेगळं लिहिलंय का आणि कोणत्या पद्धतीनं मोजलंय. पद्धत लिहिलेली नसेल तर मी ते टायट्रेशनच समजतो.

आणि बायकोनं मागवलेल्या "फ्रँकिन्सेन्स ऑइल"बद्दल, म्हणजे लुबानाच्या तेलाबद्दल. सांध्यांना चोळायला म्हणून ती निळी बाटली आली घरी. बॉस्वेलिक आम्लं जड असतात, वाफेबरोबर उडत नाहीत. ऊर्ध्वपातन केलेल्या तेलात ती जवळजवळ नसतातच. वास छान आहे. चोळल्यानं बरं वाटतं ते चोळल्यामुळे.

कोथरूडची_आजी (सोमवार, रात्री ९.४५)

चोळणारं माणूस घरात असणं हेच मोठं औषध. हलके घ्या.

गोदाकाठ (मंगळवार, पहाटे १.२५)

इथे लिहावं की नाही, संध्याकाळपासून विचार करत होते. विषय अगदी तोच नाही, पण वैद्य_विदर्भ यांच्या "पंधरा दिवसांत तक्रार घेऊन येऊ नका" या वाक्यावर अडकले.

माझ्या वडिलांना कुणीतरी संधिवाताच्या पुड्या सांगितल्या. एका यात्रेत बसणाऱ्या माणसाकडच्या, नंतर तो कुरिअरनं पाठवायचा. कागदाच्या पुड्या, वर काही छापलेलं नाही. विचारलं तर "सालई, निर्गुंडी, अश्वगंधा, सगळं जंगलातलं". सकाळी पुडी घेतली आणि संध्याकाळी बाबा खुर्चीचा आधार न घेता उठले. तिसऱ्या दिवशी जिना चढून गच्चीवर. आम्ही आनंदानं नातेवाइकांत वाटल्या त्या पुड्या! मी स्वतः मावशीला दिल्या.

तीन महिन्यांत बाबांचा चेहरा गोल झाला. आम्ही म्हणायचो, तब्येत सुधारली. हातावर जरा लागलं तरी काळेनिळे डाग. साखर कधी नव्हती, ती २८० निघाली. मग तो माणूस फोन घेईना, पुड्या संपल्या आणि चौथ्या-पाचव्या दिवशी बाबा न्हाणीघरात कोसळले. रक्तदाब खाली, उलट्या. दवाखान्यात डॉक्टरांनी सकाळचं कॉर्टिसोल (शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड) तपासलं, ते जवळजवळ नव्हतंच. मग त्यांनी विचारलं, "कसली पुडी घेत होते?" कुणी सांगितलंच नव्हतं त्यांना. पुडी म्हणजे औषध असं आमच्या डोक्यातच नव्हतं.

वैद्य_विदर्भ (मंगळवार, सकाळी ८.१०)

ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. चेहरा, डाग, साखर आणि शेवटी कॉर्टिसोल, सगळं स्टेरॉइडकडे बोट दाखवतं. असली भेसळ जुनी आहे. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, कधी डायक्लोफेनॅक. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. पुडी अचानक बंद झाली की आत काहीच उरत नाही आणि माणूस कोसळतो.

वाचणाऱ्यांसाठी: घरात कुणी अशी पुडी महिनोन्महिने घेत असेल तर हे वाचून आजच फेकून देऊ नका. आहे ती पुडी हातात घेऊन डॉक्टरकडे जा. कमी करायची ती त्यांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

आणि सालई असल्या वेगानं चालत नाही. सकाळी घेऊन संध्याकाळी जिना, हे कुठल्याही झाडाच्या डिंकाचं काम नाही.

ब्युरेटवाला (मंगळवार, सकाळी ९.३०)

एखादी पुडी शिल्लक आहे का? असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारीबरोबर द्या. पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवरसुद्धा (घटक वेगळे करायची साधी चाचणी) स्टेरॉइडचा ठिपका उघडा पडतो, फार महागडं यंत्र लागत नाही.

गोदाकाठ (मंगळवार, सकाळी ११.०२)

आमच्याकडची संपली. मावशीकडे असतील. आत्ताच फोन करते.

दमेकरी (मंगळवार, दुपारी १२.४०)

रानभूल, तुम्ही ल्युकोट्राइन म्हणालात म्हणून विचारतो. मी रात्री मॉन्टेलुकास्ट ही दम्याची गोळी घेतो. ती याच वाटेवरची ना? मग सालई घेऊन ती बंद करता येईल का?

रानभूल (मंगळवार, दुपारी २.०५)

वाट तीच. मॉन्टेलुकास्ट ल्युकोट्राइन तयार झाल्यावर त्याला पेशीच्या दारात अडवते, सालई ते बनतानाच कमी करते असं मानतात. १९९८मध्ये दम्यावर एक चाचणी झाली होती: ४० रुग्णांना सालई, ३०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, सहा आठवडे, आणि आणखी ४० जणांना खोटी गोळी. ७० टक्क्यांना सुधारणा, खोट्या गोळीवाल्यांत २७ टक्क्यांना. ऐकायला भारी. पण तेवढ्यावर इनहेलर किंवा गोळी सोडायची नाही, अजिबात नाही. दम्याचा झटका आला तर डिंक दोन महिने वाट बघायला सांगेल.

शंकासूर (मंगळवार, दुपारी २.३०)

+१. हे वाक्य मी लिहिणार होतो.

वैद्य_विदर्भ (मंगळवार, दुपारी ४.१५)

रक्त पातळ करण्याची गोळी, विशेषतः वॉरफरिन घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय सालई सुरू करू नये. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वाढल्याच्या नोंदी आहेत. गरोदरपणात टाळावी. बाकी त्रास बहुतेक पोटाचे असतात, मळमळ, आंबट ढेकर, जुलाब.

तापीकाठचा (मंगळवार, रात्री ८.२०)

अवांतर: आमच्या बऱ्हाणपूरजवळच्या नेपानगरला याच सालईच्या लाकडाचा लगदा व्हायचा, बांबूबरोबर. त्यातून वर्तमानपत्राचा कागद. तुमच्यातल्या कित्येकांनी लहानपणी सालईवरच क्रिकेटचा स्कोअर वाचलाय. लाकूड हलकं, म्हणून खोकी आणि आगकाड्याही. एवढी झाडं गेल्यावर आता कॅप्सूलसाठी उरलेल्यांना खरवडणार का?

रानभूल (मंगळवार, रात्री ९.००)

हा प्रश्न मला पालपासून छळतोय. पावरा दादा सांगत होते की साल थोडी आणि वरवर तासली, झाडाला मध्ये विसावा दिला तर झाड टिकतं. खोल घाव घालून वर्षानुवर्षं ओरबाडलं तर वाळतं. बियांपासून रोपं फार कमी उगवतात, पण जाड फांदी रोवली तर फुटते. त्यांच्या शेताच्या कुंपणाला अशा तीन-चार सालया जिवंत झाल्यात. मी एक फांदी मागितली. म्हणाले, पावसाच्या आधी या.

कोथरूडची_आजी (मंगळवार, रात्री ९.१८)

आईंना फरक पडला का ते राहिलंच की!

रानभूल (मंगळवार, रात्री ९.३५)

पाचवा आठवडा चालू आहे. आई म्हणते, जिना उतरताना दुखतं तेवढंच दुखतं, पण सकाळचा आखडलेपणा चहा होईपर्यंत जातो, पूर्वी आंघोळीपर्यंत राहायचा. सोबत रोज मांडीचे व्यायामही सुरू केलेत, त्यामुळे श्रेय कुणाचं ते सांगता येत नाही. शंकासूर, तुमच्या आधी मीच लिहून टाकलं.

गोदाकाठ (मंगळवार, रात्री ११.५०)

मावशीकडे अकरा पुड्या निघाल्या. अजून रोज एक घेत होती. मी समजावलं, तर म्हणाली, "अगं, पण याच्याइतका गुण कशालाच येत नाही." उद्या सकाळी तिला आणि पुड्यांना घेऊन डॉक्टरकडे जातेय.